लांबचं सोडणारी काच

आई,

तुझा चेहरा दिसेल असा एकही फोटो आपल्याकडे नाही, आणि फोटो म्हणशील तर पेटीभर आहेत. त्या पेटीत मीच मी आहे. पाटी घेऊन बसलेली, नाक फुगवून रुसलेली, गालाला भात लावून हसणारी. आणि माझ्यामागे जवळजवळ दर फोटोत तू. चुलीपाशी वाकलेली, दोरीवर कपडे वाळत घालणारी, हंडा घेऊन दारातून आत येणारी. अर्थात ते मला माहीत आहे म्हणून. परक्या माणसाला दाखवलं तर त्याला माझ्या डोक्यामागे एक लांबट राखाडी डाग दिसेल आणि तो म्हणेल, वा, पोरगी काय सुरेख आली आहे.

यात बाबांचा दोष नाही, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला समजावते आहे. खोपोलीच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी इंजिनियर जाताना त्यांना आपला कॅमेरा देऊन गेला, आणि त्याच्यावरची लेन्स कॅमेऱ्याहूनही म्हातारी. ती पूर्ण उघडून जवळच्या माणसावर धरली की मागचं सगळं त्या माणसाभोवती गोल फिरल्यासारखं यायचं, रवीभोवती ताक फिरतं तसं. पार कशेळ्यापर्यंतची माणसं लग्नाला बाबांनाच बोलवायची, ती त्या फिरण्यापायी. पण कॅमेऱ्यात बघताना त्यातलं काहीच दिसत नाही. तो रेंजफाइंडर, त्याची बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. खिडकीत जवळचं, लांबचं सगळं सारखंच लख्ख असतं. मधोमध एक फिकट दुसरं चित्र तरंगत असतं, कडी फिरवून ते पहिल्यावर नेमकं बसवलं की तेवढा माणूस धरला गेला. बाकीचं किती विरघळलं, ते फिल्म धुऊन आल्यावर कळायचं. म्हणजे बाबांना तू दर वेळी स्पष्ट दिसत होतीस. त्यांना दिसलीस, आणि आमच्यासाठी उरली नाहीस.

एका रविवारी तू भाकरीच्या पिठाचे हात पदराला पुसून कॅमेरा मागितलास. मी आठ वर्षांची असेन, तुझ्या पायाशी उंबऱ्यावर बसले होते. तू एक डोळा मिटायला गेलीस आणि दोन्ही मिटलेस, बाबा हसायला लागले. मग तू एक डोळा तळव्याने झाकून घेतेस आणि खिडकीतून बघतेस. अंगण, दोरीवरचा माझा फ्रॉक, मागचा डोंगर, त्यावरून वीजघराकडे उतरणारे जाडजूड नळ. बराच वेळ बघतेस.

“यात तर सगळंच नीट दिसतंय,” तू म्हणालीस. “मंग फोटूत मीच का अशी इरघळलेली?”

“काचच तशी हाय गं. जवळचं धरते, लांबचं सोडते.”

“मंग मला कवा जवळून धरनार?”

बाबा म्हणाले, चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी काढू, नवी साडी नेसून, तुझा एकटीचा. तू तोंडावर पदर धरून हसलीस, कारण तुझा पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला होता आणि तो तू कुणाला दिसू द्यायची नाहीस. मला दिसला. मी खाली बसले होते ना, मला पदराखालून दिसला.

जयंती यायच्या आधी तुला कावीळ झाली, आणि दवाखान्यातून तू परत आलीस ती चादरीत गुंडाळलेली. तेव्हा गेलेल्या माणसाचा शेवटचा फोटो काढून ठेवायची पद्धत होती. भिंतीवर लावायला दुसरा फोटोच नसायचा बहुतेक घरांत. बाबांनी असे कितीतरी काढले होते. मावशी त्यांना म्हणाली, काढून घ्या दाजी, पोरांना आई कशी होती ते कळेल तरी. बाबांनी खुंटीवरून कॅमेरा काढला, गळ्यात अडकवला, तुझ्या पायाशी जाऊन उभे राहिले आणि नुसतेच उभे राहिले. माणसं खोळंबली होती. शेवटी त्यांनी तो परत खुंटीला लावला आणि तोंड फिरवलं. तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, आईला तसं काढायला नको. आता वाटतं, काढायला हवा होता. मिटलेल्या डोळ्यांची का होईना, धरलेली तर असतीस.

आता तो कॅमेरा माझ्याकडे आहे आणि त्यावर माझं पोट आहे. कळंबच्या रिसॉर्टांत मुंबईची जोडपी लग्नाआधीचे फोटो काढून घ्यायला येतात. फोनवरही मागचं धूसर होतं हल्ली, पण ते कात्रीने कापल्यासारखं, आणि यांना जुन्या लेन्सचंच हवं असतं, फिल्मवर. मॅडम, मागचं ते गोल फिरलेलं यायला पाहिजे हां, असं बजावतात. येतं की. आंब्याची पानं फिरतात, दिव्यांच्या माळा फिरतात, आणि परवा तिथे झाडलोट करणारी एक बाई फिरली. नवरीच्या खांद्यामागे, हातात खराटा, लांबट आणि राखाडी. नवरी त्या फोटोवर बेहद्द खूश आहे. ज्या लेन्सचं लोक कौतुक करतात ती माझ्या आईला खाऊन बसली आहे, हे कुणाला सांगायचं? धंदा बंद करीन म्हणते आणि दुसऱ्या दिवशी नवा रोल भरते.

तू गेलीस तेव्हा अंगावर पिणारा तुझा मुलगा आता डोक्याने निम्मा पांढरा झाला आहे. त्याने कर्जतला फ्लॅट घेतला, बाबांना तिकडे नेलं, आणि बुद्धांच्या तसबिरीशेजारी त्याला तू हवी होतीस. मला न विचारता तो पेटीतला पाटीचा फोटो घेऊन दुकानात गेला. दुकानातल्या मुलाने कॉम्प्युटरवर मला कापून टाकलं, दोरीपाशी उभ्या असलेल्या तुला मोठं केलं आणि त्या डागातून एक बाई काढली. आपोआप निघते म्हणे. टपोरे डोळे, कोरलेल्या भुवया, आणि हसते आहे चक्क तोंड उघडून, सगळे दात एका रांगेत. माझा भाऊ ती फ्रेम छातीशी धरून लहान पोरासारखा रडत होता.

“ताई, अशीच व्हती ना गं आई?”

हो म्हणाले. त्याच्या वाट्याला दुसरी आई कुठून आणून देणार होते मी?

बोलले ते बाबाच. फ्रेम डोळ्यांशी नेऊन त्यांनी पाहिली आणि म्हणाले, “ही ती नाय.” भावाने ते मनाला लावून घेतलं. बाबांना हल्ली काही आठवत नाही, असं म्हणून त्याने फ्रेम ठोकली. विसरणं वाढत होतं हे खरंच होतं, पण मला त्या तीन शब्दांनी केवढा धीर आला होता. मावशी केव्हाच गेली, तरी आम्ही दोघं आहोत, असं वाटलं. गेल्या महिन्यात भेटायला गेले तर बाबा त्या फ्रेमसमोर खुर्ची ओढून बसले होते. बशीतला चहा तिच्यापुढे धरून म्हणत होते, घे गं, निवला आता. तुला चहा निववून लागायचा, हे अजून त्यांच्या लक्षात आहे. मी दारातच थांबले. बाबासुद्धा त्या बाईकडे निघून गेले होते, आणि तिला बिचारीला त्यातलं काही माहीत नव्हतं.

म्हणजे आता मी एकटी उरले. मी निगेटिव्ह उजेडाला धरते, भिंग लावते, मोठी प्रिंट काढते. जितकं मोठं करावं तितका नुसता दाण्यांचा चुरा दिसतो. डोंगर आणि नळ मी खोपोलीला जाऊन कधीही बघू शकते, ते अजून तसेच उतरतात. तुला बघायला कुठे जाऊ? गेलेलं माणूस कुठून तरी बघत असतं, असं आपण मानत नाही, तेव्हा हे कुठे पाठवायचा प्रश्न नाही. घडी करून कॅमेऱ्याच्या चामडी खोक्यात ठेवीन.

एक मात्र तुला सांगायला हवं, आणि ते सांगवत नाही. आज सकाळी भाकरी थापता थापता मी तो रविवार आठवत होते. उंबरा आठवला, पिठाचे हात आठवले, तोंडावरचा पदर आठवला. मी खालून वर पाहिलं. तुझे सगळे दात सरळ होते.