मूस्याच्या वाट्याची लापशी

झाओझेर्ये, फेब्रुवारी

प्रिय ग्लेब,

नवीन वर्षाला तुझा फोन आला. तू माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस, थंडी किती आहे ते विचारलंस, मी थंडी किती आहे ते सांगितलं. दोघंही फार शहाण्यासारखे बोललो. जूनमधल्या बोटीचा विषय तू काढशील असं मला उगाच वाटत होतं. तू काढला नाहीस आणि मी काढायचा नाही असं ठरवलं होतं. ते ठरवलेलं आज मोडते आहे. फोनवर माझा आवाज फुटतो आणि तुला मध्येच कुणीतरी हाक मारतं, म्हणून लिहिते.

इथे बर्फ खिडकीच्या कठड्यापर्यंत आलंय. लोण्याच्या कारखान्याची चिमणी दिवाळं निघाल्यापासून नुसतीच उभी होती, ती शेवटी पाडली. मी आणि तुझी कापामावशी ज्या दाराने आयुष्यभर आत-बाहेर केलं ते दारसुद्धा कुणीतरी सरपणाला नेलं. कोंबड्या मी यंदा ठेवल्या नाहीत. मला आता दोन घरं सांभाळावी लागतात, माझं आणि कापाचं. ते का, ते पुढे सांगते.

तू पीटर्सबर्गला गेल्यापासून आम्हाला कधी बोलावलं नाहीस, हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. शेजारणींनी विचारलं की मी सांगायची, त्याच्या घराची दुरुस्ती चाललीय. मग सांगायची, त्याच्या सासूची, व्हिक्टोरियाच्या आईची, तब्येत बरी नाही. सहा वर्षं दुरुस्ती चाललेलं घर केवढं मोठं असेल, असं शेजारचा फेद्योर एकदा दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला. मी हसले. दुसरं काय करणार? मग मागच्या वसंतात जिल्ह्याच्या पेन्शनर मंडळाने जूनसाठी पीटर्सबर्गची सहल काढली आणि मी आम्हा दोघींची नावं देऊन आले. कापाला विचारलंसुद्धा नाही.

ती माझ्यावर चिडली. तिला अजून ते जुन्या नावाचं लेनिनग्राडच. म्हणाली, "मला काय दाखवणार ते? मी तिथलीच आहे." युद्धात आठ वर्षांची असताना लॉरीत बसून ती त्या शहरातून निघाली, ती पुन्हा तिकडे फिरकली नव्हती. इथल्या अनाथालयात वाढली, माझ्या शेजारी मशीनवर उभी राहिली, म्हातारी झाली. त्या शहरातला राजवाडा तिने कॅलेंडरवर पाहिलेला. मी आठवडाभर तिच्या मागे लागले. शेवटी एक दिवस भांडी घासता घासता म्हणाली, "ग्लेबुष्का आहे तिथे म्हणून येते. त्या गावात आपलं म्हणावं असं एक माणूस झालं खरं." हे तिचे शब्द आहेत, मी त्यात काही घातलेलं नाही.

तुला आधी कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तुला काहीतरी कारण शोधावं लागलं असतं. तुझ्या दारात उभं राहून फोन करू असं मी मनात धरलं होतं. सोबत आपल्या दलदलीतल्या क्लाउडबेरींचा मुरंबा घेतला होता. तिथे पोचल्यावर रोज फोन लावला, तो रोज बंद. मग आम्ही बाकीच्यांबरोबर शहर बघत फिरलो. तुझं शहर फार देखणं आहे, ते मी नाकारत नाही. माझे पाय सुजले, मान दुखली. संग्रहालयात माहिती सांगणारी बाई आम्हाला एका दालनातून दुसऱ्या दालनात पळवत होती, आणि कापा मात्र खाली बघत होती, लाकडी फरशीकडे. म्हणाली, हे पुसायला किती बायका लागत असतील गं. नेव्हस्की रस्त्यावर आम्ही गरम तळलेल्या गोड पिश्की खाल्ल्या. प्लेटमध्ये उरलेली पिठीसाखर तिने ओल्या बोटाने टिपली, शेवटच्या कणापर्यंत. वर मान करून मला म्हणाली, "बघतेस काय, तूही टीप." आणि हसली. अशी पोरीसारखी हसताना मी तिला आयुष्यात पाहिली नव्हती. त्या क्षणी मला वाटलं, बरं केलं आणलं हिला.

दुसऱ्या दिवशी ती मला वासिल्येव्स्की बेटावर घेऊन गेली. रस्ता विचारावा लागला नाही. तिचं लहानपणचं घर अजून उभं होतं, फाटकाला आकडे दाबायचं कुलूप होतं. ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहून वर बघत राहिली. ही रडणार असं वाटून मी पर्समध्ये रुमाल शोधत होते. ती नुसती म्हणाली, "तिसरा मजला. पडदे चांगले लावलेत." आणि मग, "चल, भूक लागली."

बोटीचं तिकीट सहलीतच होतं, शेवटच्या दुपारी. आम्ही मागच्या रांगेत बसलो, कारण पुढे वारा लागत होता. आधी तुझा आवाज आला. मी कापाचा दंड इतका जोरात धरला की तिला लागलं. तू मला सांगितलं होतंस की तू संग्रहालयात कचेरीत आहेस. बोटीवर उभं राहून लोकांना शहर दाखवणं, यात लपवण्यासारखं काय होतं रे? मी तर फुलून गेले. ठेंगण्या पुलाखालून जाताना तू म्हणालास, "मंडळी, डोकी सांभाळा, पीटर महाराजांना उंच माणसं आवडत नसत, स्वतःखेरीज," आणि सगळे हसत वाकले. मी शेजारच्या बाईला सांगणारच होते, हा माझा मुलगा. मी हातही हलवला. तुझ्या डोळ्यांवर ऊन होतं, तुला दिसलं नसेल, असं मी तेव्हा म्हटलं.

मग फोन्तान्का नदीवर बोट हळू झाली आणि तू आवाज खाली आणलास. म्हणालास, त्या पिवळ्या घरात माझी आजी जन्मली, आम्ही पाच पिढ्यांचे पीटर्सबर्गकर. जर्मनांच्या वेढ्याच्या हिवाळ्यात आजी आठ वर्षांची होती, तिची बहीण मूस्या चार वर्षांची. आई फेब्रुवारीत गेली. एप्रिलमध्ये लादोगा सरोवराच्या वितळत्या बर्फावरून लॉरीत बसवून दोघींना नेलं, चाकं पाण्यात होती. पलीकडच्या काठावर गरम लापशी मिळाली, एकेकीला एकेक वाटी. आजीने आपली वाटी तोंडाला लावली नाही, ती बहिणीला भरवली. त्या लापशीवर मूस्या जगली, आजही मुलाबाळांत आहे, आणि दर नऊ मेला, विजयदिनी, आमचं सगळं घर तिच्या टेबलाशी जमतं. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, काय घराणं असतं एकेक.

तुझी आजी, ग्लेब, म्हणजे माझी आई. ती याच गावात जन्मली. युद्धात कमरेइतक्या बर्फात जंगलात लाकडं तोडायची आणि संध्याकाळी सामुदायिक शेताच्या गायींच्या धारा काढायची, त्यातलं थेंबभर दूध घरी आणायची बंदी होती. तिचे दोन भाऊ युद्धावरून परत आले नाहीत. बोटीवर सांगायला ती कमी पडली का?

आणि कापाच्या मूस्याचं खरं काय ते तुला ठाऊक आहे. माझ्याआधी तुला ठाऊक होतं. मी रात्रपाळीला जायची, तू कापाकडे असायचास. गोवर आला होता तेव्हा तू लापशीची वाटी भिंतीवर फेकलीस आणि तिने तुला मारलं नाही, पुसून घेतलं आणि स्वतःचं सांगितलं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत मला तिने एवढंच सांगितलं होतं की एक बहीण होती. बाकीचं मला तू सांगितलंस, नऊ वर्षांचा, ताप उतरलेला, माझ्या कुशीत हुंदके देत. की लॉरीतच मूस्या शालीत गार झाली होती. कापाला ते कळलं होतं. काठावर लापशी वाढणारी बाई आली तेव्हा कापा म्हणाली, ही झोपलीय, हिची वाटी माझ्याकडे द्या. आणि तिने दोन्ही वाट्या खाल्ल्या. "आई, मावशीने तिची पण खाल्ली," असं तू पुन्हा पुन्हा म्हणत होतास. त्या दिवसापासून तू ताटात कधी काही टाकलं नाहीस. मला वाटायचं, माझ्या पोराच्या मनात ही गोष्ट नीट जपून ठेवलेली आहे.

मी कापाकडे बघू शकले नाही. पाण्याकडे बघत राहिले. ती मात्र तुझ्याकडे बघत होती, शेवटपर्यंत, पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्यासारखी.

धक्क्याला लागल्यावर तू उतरायच्या फळीपाशी उभा राहून एकेकाला हात देत होतास. लोक तुझा हात दोन्ही हातांत घेत होते. माझी पाळी आली. तू मला पाहिलंस, ग्लेब. तुझा चेहरा मी दूध पाजताना पाहिलाय, तो कधी काय करतो ते मला कळतं. तुझे ओठ पांढरे पडले. आणि तू म्हणालास, "जपून, आजीबाई. फळी ओली आहे." माझा हात सोडून तू पुढच्या माणसाकडे वळलास. पुढचं माणूस कापा होती. तिने तुझा हात धरला, तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमची आजी फार मोठ्या मनाची होती हो." तू "धन्यवाद" म्हणालास. दुसरं काय म्हणावं हे तुला सुचलं नसेल, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. पण आम्ही बस येईपर्यंत धक्क्यावरच्या बाकावर बसलो होतो. तू बोटीवर दुसऱ्या फेरीची माणसं घेतलीस आणि निघून गेलास. पुलाखालून तुझा आवाज आला, डोकी सांभाळा. माणसं हसली.

मुरंब्याची बरणी मी बसच्या ड्रायव्हरला दिली.

परतीच्या वाटेवर मी तुला शिव्या देत होते. कापाने माझ्या मांडीवर हात ठेवला. म्हणाली, "त्याला काही बोलू नकोस. छान सांगतो. त्याच्या गोष्टीत मूस्या जेवली." मग खिडकीला डोकं टेकून झोपली, की झोपल्यासारखं केलं, देव जाणे. तिने तुला माफ केलं असं समजू नकोस. केलं की नाही ते मला माहीत नाही आणि आता तिला विचारता येत नाही.

कारण ऑगस्टपासून कापाचं डोकं जागेवर नाही. आधी चहात दोनदा साखर घालायची. मग माझं नाव विसरली, मग कारखाना. मग एक दिवस मला विचारलं, मूस्याचा पत्ता तुझ्याकडे आहे का? मला वाटलं भ्रम आहे, जाईल. पण बाकी सगळं गेलं आणि हेच राहिलं. तुझी आजी, पिवळं घर, भरवलेली लापशी, मुलंबाळं, नऊ मेचं टेबल, सगळं तुझ्या शब्दांत सांगते, आजीच्या जागी 'मी' घालून. स्वतःचं खरं ती विसरली, तुझं खोटं तिला पाठ आहे. रोज स्वतःची लापशी अर्धीच खाते, उरलेली झाकून ठेवते, मूस्या येईल म्हणून. अंगावर मांस राहिलं नाही तिच्या. जानेवारीत दोनदा ती बसथांब्यावर सापडली, पिशवी घेऊन, लेनिनग्राडला निघालेली. बोटीवरच्या माणसाला मूस्याचं घर माहीत आहे म्हणते.

मी एकदा खरं सांगून पाहिलं. तिचे दोन्ही हात धरून म्हटलं, कापा, मूस्या लॉरीत गेली. तिने ते अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. रडली नाही. मला म्हणाली, "मग तिची वाटी कुणी खाल्ली?" ग्लेब, मी उठून चहाचं आधण ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती सगळं विसरून पुन्हा दाराशी बसली, आणि मला हायसं वाटलं, हे मी तुला लिहिते आहे.

म्हणून हे पत्र. तू ये. ती माझ्या मुलाची वाट बघत नाहीये, ग्लेबुष्का तिला आठवतही नाही. ती बोटीवरच्या माणसाची वाट बघतेय. तेव्हा इथे कुणासमोर मला आई म्हणायची तुला गरज पडणार नाही, मीही तुला ओळख दाखवणार नाही. मी माझ्या घरी थांबेन. तिला खरं सांगायचं की मूस्या उद्या येते म्हणायचं, ते तुझं तू ठरव. मला सोसत नाही, आणि ती गोष्ट आता माझीही नाही, तिचीही नाही, तुझी आहे. फक्त तिच्यासमोर बसून, तिच्या तोंडाकडे बघून सांग. मोठ्याने बोलावं लागणार नाही, तिला अजून नीट ऐकू येतं.

तुझीच,
आई