गुवाहाटीला पोचलेली पानं

बाबा, तुमची, माझी आणि शिरगावातल्या सगळ्या पानवेलवाल्यांची एक जुनी तक्रार आहे. अंतर विचारलं की लोक स्टेशन ते स्टेशन सांगतात, वाडीपासून कुणी मोजत नाही. आता विमानतळ ते विमानतळ सांगतात, एवढाच फरक. मुंबई ते गुवाहाटी, दोन हजारांवर किलोमीटर, तीन तास. शिरगावहून मुंबईचा विमानतळ गाठायलाच मला जवळपास तितका वेळ लागला, तो कुणाच्या हिशेबात नाही.

तुमच्या नातीचं लग्न तिथे झालं. तिच्या सासरी पाहुण्यापुढे आधी पान-सुपारी ठेवतात, हे कळल्यावर मी भर बैठकीत बोलून बसले, की लग्नातली पानं आमच्या वाडीची असतील. आयुष्यभर तारापूरच्या कारखान्यांच्या गेटांवर भाषणं केली. शब्द देऊन मागे फिरायची सवय नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात बसले आहे. करंडीत केळीची पानं, मग ओलं फडकं, मग विड्याची पानं, देठ आत. तुमची नात हसते आहे. "आई, तीन तासांचं विमान. तू चंद्रावर पाठवल्यासारखी बांधतेस." मला तुमचा आवाज ऐकू येतो. मी कॉलेजात असताना, तुम्ही रेल्वेनं दिल्लीच्या बाजारात पाठवायचात त्या करंडीला घाईत एकच फडकं घातलं, तेव्हाचा. "भाषण बरं करतेस गो. पण पानाला भाषण समजत नाय, पाणी समजतं. सांगतील त्याच्या दुप्पट रस्ता धर."

तुमची ती रीतही पाळली. करंडीतलंच एक पान तसंच ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलं. करंडी पोचायच्या दिवशी तुम्ही ते उघडायचात आणि दिल्लीची पानं कशी असतील ते घरबसल्या सांगायचात. ते पान कुणी खायचं नाही, वेलीच्या बुंध्याशी ठेवायचं.

धुक्यामुळे विमान मधल्याच एका शहरात उतरलं आणि रात्र तिथेच गेली. करंडी विमानाच्या पोटात, पाणी शिंपडायची सोय नाही. सकाळी भावजयीला फोन केला, माठाशेजारचं पान उघडायला सांगितलं. तिनं फडकं उलगडलं. मग म्हणाली, "वन्सं, हिरवंगार हाय. तुमीच सुकल्या असाल."

दुपारी विहीणबाईंनी करंडी उघडली. पानं बोटांनी चाचपली, हसल्या, आणि पहिलं पान सुपारी ठेवून मलाच दिलं. किती लांबून आली ही, असं त्यांनी हिंदीत विचारलं. मी वाडीपासून मोजून सांगितलं.

हे पत्र कुठे टाकणार नाही. तुमच्यापर्यंतचा रस्ता किती, ते कुणाला विचारू? फक्त एक सांगायचं राहिलं. मी परत आले तेव्हा माठाशेजारचं पान कडेनं पिवळं, मधे हिरवं होतं. ते वेलीपाशी नेलं नाही. चुना-कात लावून, तुमच्या पाटावर बसून खाल्लं, आणि फार छान लागलं. राग आला असेल तर या, एकदा रागवून जा.