बाईंचं हृदय आणि चुकीच्या खाटेवरचं प्रवचन

ती. ताईस,

प्रभूच्या नावात धाकट्या भावाचा सलाम (कंबर धरल्यामुळे फार वाकता आलेलं नाही, मनाने वाकलोय असं समज). तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून त्यांच्या वतीने तोच बोलतो? आम्ही सगळे सुखरूप आहोत. मी नेहमीसारखा चष्म्याच्या दुकानात बसतो, लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो आणि ती चुकली की मनातून खूश होतो, कारण घर त्यावरच चालतं.

पत्रास कारण की मध्यंतरी मी मोठा माणूस झालो होतो. आता नाही, पण काही काळ होतो. इथल्या इस्पितळात एक नीतिमत्ता समिती आहे. रोग्याला यंत्र लावावं की नाही, लावलेलं काढावं का, त्याने नको म्हटलं तर ऐकावं की समजवावं, असल्या प्रश्नांवर ती बसते. तिच्यात धर्माच्या बाजूने आपले पाळकसाहेब असायचे. पण त्यांचा घसा बसला आणि डॉक्टरांनी त्यांना बोलायची सक्त मनाई केली (त्या रविवारी मंडळीने देवाचे आभार जरा जास्तच मोकळेपणाने मानले). त्यांनी चिठ्ठीवर लिहून माझं नाव सुचवलं. मीच का, असं विचारल्यावर त्यांनी पुन्हा चिठ्ठी लिहिली: ‘बाकी कुणी घरी नव्हतं.’

समितीत अध्यक्ष म्हणून हृदयाच्या डॉक्टरीणबाई, एक वकील आणि एक भूलतज्ज्ञ. भूलतज्ज्ञ बैठकीभर डोळे मिटून असतात. धंद्याची खात्री आधी स्वतःवर करून बघत असावेत. मी पहिल्या बैठकीत गळ्यापर्यंत गुंड्या लावून, बायबल काखेत धरून गेलो आणि काय निघालं असेल? पहिलंच प्रकरण आपल्या बाईंचं. हो, त्याच. ज्यांनी रविवारच्या शाळेत तुला, मला आणि निम्म्या गावाला स्तोत्रं पाठ करायला लावली, आणि ‘देव प्रीती आहे’ हे वाक्य अशा आवाजात शिकवलं, की लहानपणी मला देवाची प्रीती म्हणजे काहीतरी अंगावर येणारं वाटायचं.

बाई बाजारात चक्कर येऊन पडल्या. तपासणीत कळलं की हृदयाचे ठोके मधूनमधून चुकतात. छातीत कातडीखाली पेसमेकर बसवला की काम भागलं असतं. बाईंनी साफ नकार दिला. देवाने चालू केलेलं हृदय देव बंद करील, मधे बॅटरीने नाक खुपसू नये, असं त्यांचं म्हणणं. वकील म्हणाले, बाई शुद्धीवर आहेत, नकार द्यायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, विषय संपला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हक्क आहेच. तो नकार विचारातून आलाय की भीतीतून, एवढंच मला कळू दे. विचारातून असेल तर मी हात जोडून बाजूला होईन.” मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. (भूलतज्ज्ञांनीही पाहिलं असावं, डोळे न उघडता.)

मी भाषण तयार केलं. शरीर हे देवाचं मंदिर, विज्ञान ही देवाची देणगी, जीवन धरून ठेवावं पण घट्ट आवळू नये, मरणाची लाज नाही, आणि कशानेही आपण देवाच्या प्रीतीपासून वेगळे होत नाही, असं सगळं त्यात होतं. न्हाणीघरात म्हणून पाहिलं तेव्हा फार घुमलं. तुझी भावजय दाराबाहेरून म्हणाली, “हे ऐकून बाईंचं हृदय बंद पडलं, तर समिती कुणावर बसवणार?” मी दुर्लक्ष केलं. थोरांना घरात किंमत नसते असं मनाशी म्हणून तडक निघालो, वाटेत दुकानात शिरलो आणि तिथे घाईत स्वतःचा चष्मा काउंटरवर ठेवून एका गिऱ्हाइकाचा, दुरुस्तीला आलेला, डोळ्यांवर चढवला. एवढी वर्षं या धंद्यात असून मला रस्ताभर वाटत राहिलं की भावनेच्या भरात सगळं धूसर दिसतंय.

वॉर्डात रंगकाम चालू होतं, म्हणून बायका-पुरुष एकाच दालनात ठेवले होते, मधे पडदे. बाईंची खाट सहा नंबर. आता ६ आणि ९ हे आकडे धड चष्म्यातूनही एकमेकांचे चुलतभाऊ दिसतात, त्या चष्म्यातून तर ते जुळेच झाले. मी पडदा सारला. खाटेवरची व्यक्ती डोक्यावरून चादर घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाई रागावल्यात हे मी ओळखलं. लहानपणापासून ओळखतो. स्टूल ओढलं, घसा खाकरला आणि सुरुवात केली.

ताई, मी असा कधी बोललो नव्हतो. चादर सुरुवातीला स्तब्ध होती. “शेवटची घटका सगळ्यांनाच येते” या वाक्यापाशी ती हलली. “डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत, पण मी आपल्या माणसाशी खोटं बोलणार नाही” इथे ती थरथरू लागली. मला वाटलं, वचन काळजाला भिडलं. “ज्यांच्याशी वैर असेल त्यांना आजच क्षमा करून टाका” म्हणून मी डोळे मिटून प्रार्थना केली आणि आमेन म्हणून डोळे उघडले, तर चादरीतून मिशी बाहेर आली होती.

तो आमचा पाववाला होता. त्याचं दुसऱ्या दिवशी हर्नियाचं ऑपरेशन होतं आणि नातेवाईक भेटायला येतात म्हणून तो चादर घेऊन पडला होता. त्याने माझा हात धरला. “साहेब, इतकं वाढलंय का?” एवढंच विचारलं. मी काही बोलण्याआधीच त्याने बायकोला फोन लावला, पीठ कुणाकडून घ्यायचं ते सांगितलं, मेव्हण्याला फोनवर घेऊन स्कूटरच्या भांडणाबद्दल क्षमा केली (मेव्हणा रडला म्हणे), आणि नर्सला हाक मारून सांगितलं की ऑपरेशन नको, आहे तसं सुखाने जाऊ द्या. थोडक्यात, समितीने एक नकार घेऊन मला आत पाठवलं आणि मी तिथे दोन करून ठेवले.

तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला. तोच आवाज. “तुझं अर्धं भाषण चुकीचं होतं, आणि उरलेलं चुकीच्या माणसाला होतं. इकडे ये.” मग पडद्याकडे तोंड करून, “पाववाले, तुम्ही मरत नाही आहात. हर्निया आहे तुम्हाला. गप्प झोपा.” पाववाला गप्प झोपला.

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. फार लहान दिसत होत्या, ताई. आधी मला चष्म्यामुळे वाटलं, म्हणून तो काढला, तरी लहानच दिसल्या. मी भाषण खिशातच ठेवलं. बाईंनी बॅटरीचा मुद्दा पुन्हा मांडला. त्यांची कवळी शेजारी पेल्यात होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “बाई, हे दात कुठे देवाने दिलेत?”

“दात जेवायला लागतात.”

“आणि हृदय?”

बाई पेल्याकडे बघत हळू म्हणाल्या, “मला आता कशाला लागतं? रविवारच्या शाळेत गिटारवाला पोरगा आलाय. मुलांना तोच आवडतो. घरी मी आणि घड्याळ. कुणाच्या उपयोगाची नाही त्या बाईवर डॉक्टरांनी का राबावं? एखाद्या तरुणाला लावा म्हणावं ते यंत्र.”

म्हणजे बघ, देव, बॅटरी, सगळं वरवरचं होतं. आत एवढंच होतं. अशा वेळी काय बोलावं ते भाषणात कुठेच नव्हतं. मला एकदम आपल्या गल्लीतल्या त्या बाळाची आठवण झाली, ज्याचा नुकताच बाप्तिस्मा झाला. म्हटलं, “बाई, त्या बाळाने पाळकसाहेबांच्या झग्यावर दूध ओकलं आणि बाकी वेळ झोप काढली. त्याचा देवाला काय उपयोग?”

“ते लहान आहे.”

“आणि देवापुढे तुम्ही किती मोठ्या आहात?”

बाईंनी पदराने नाक पुसलं. मग विचारलं, “हे कुठे वाचलंस?” मी म्हटलं, “वाचलं नाही. या चष्म्यातून काही वाचताच येत नाही.” यावर बाई हसल्या. दात पेल्यात असताना बाईंना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा बाईंनी एकच विचारलं, “देवाने बोलावलं तर हे यंत्र मला अडवून धरेल का?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “नाही बाई. हृदय विसरलं तर ते आठवण करून देतं, एवढंच. देवाशी भांडायची त्याची ताकद नाही.” बाई म्हणाल्या, “मग बसवा.”

बसवलं. छान चाललंय. पाववाल्याचंही ऑपरेशन झालं, फक्त मेव्हण्याला केलेली क्षमा परत घेता येत नाही म्हणून तो माझ्याशी बोलत नाही. समितीने एकमताने (भूलतज्ज्ञ उभे राहून) मला मोकळं केलं आणि माझ्या जागी बाईंना नेमलं. भावोजींना सलाम. प्रभू तुम्हा दोघांना आणि तुमच्या गुडघ्यांना सांभाळो.

तुझा,
धाकटा

ता.क. बाईंना काही आठवडे एकटं ठेवायचं नाही, जिने चढू द्यायचे नाहीत, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर. तुझं घर तळमजल्यावर, मागची खोली रिकामी. सहज लिहिलं.

ता.क. २. मी त्यांना शब्द दिलेला नाही. फक्त एवढंच म्हणालो, की बाईंचा आवाज आठवला तरी ताईच्या पोटात अजून कालवतं. हे तूच म्हणतेस. त्यांनी त्याचा चांगला अर्थ घेतला, त्याला मी काय करू?

ता.क. ३. टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र बाईंच्याच हाती पाठवतोय. पाकीट नीट चिकटवलंय.

ता.क. ४. (हे मी, बाई, लिहिते आहे. पाकीट नीट चिकटवलेलं नव्हतं.) मुली, पोटात कालवणं कशाला म्हणतात ते मला समजतं. खोली द्यायची नसेल तर तसं सांग, मला चालेल. तुझी बेल फार उंचावर आहे आणि हात वर न्यायला मनाई आहे, म्हणून पत्र दाराखालून सरकवते. मी दारातच उभी आहे. सावकाश वाच.