धड्यातला पाठमोरा माणूस

ता. १२ नोव्हेंबर

प्रिय आक्का,

नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की त्यांनाच चार व्यायाम शिकवून आलीस? इकडे सगळे मजेत. मुलीची परीक्षा एकदाची संपली. हे नेहमीप्रमाणे चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधतात. फोनवर तू "बरं बरं, ठेवते" म्हणून दोन वाक्यांत मोकळी होतेस, म्हणून मुद्दाम पत्र लिहायला बसले आहे.

सातवीचा इतिहास यंदा माझ्याकडे आहे. मुलं धडा घडाघडा वाचतात, एक अक्षर अडत नाही. पण वाचून झाल्यावर "काय वाचलंस?" म्हटलं की भिंतीवरच्या नकाशाकडे बघत उभी राहतात. गोष्टीच्या पुस्तकात पुढे काय होणार ही उत्सुकता त्यांना ओढून नेते. इतिहासाच्या धड्यात मात्र सनावळी, "तत्पूर्वी", "परिणामी" आणि एका वाक्यात पाच नावं आली की घोडं अडतंच. मग मुलं पाठांतराकडे वळतात, आणि पेपर झाला की पाटी कोरी.

म्हणून मी जूनमध्येच ठरवलं, यंदा फळ्यावर एकही तयार उत्तर लिहायचं नाही. त्याऐवजी वाचायला शिकवायचं. हसू नकोस, सातवीतल्या मुलांनाही वाचायला शिकवावं लागतं. आधी नुसतं शीर्षक, मधली छोटी शीर्षकं, चित्रं आणि चित्रांखालच्या ओळी बघायच्या आणि धड्यात काय असेल ते शेजाऱ्याला सांगायचं. मग पेन्सिल घेऊन वाचायचं. जे घडलं त्याखाली सरळ रेघ, लेखकाला जे वाटलं त्याखाली नागमोडी, आणि जिथे पुरावा दिसत नाही तिथे समासात "कशावरून?" असं लिहायचं. परिच्छेद संपला की पुस्तक पालथं घालायचं आणि तो आपल्या शब्दांत एका वाक्यात सांगायचा. सगळ्यात शेवटी विचारायचं, की यात असायला हवं होतं पण नाही, असं कोण आहे?

पहिले काही दिवस नुसता गोंधळ होता. पोरांनी पानं अशी रेघाटली की पुस्तक नव्हे, नांगरलेलं शेत वाटावं. एकाने तर लेखकाच्या नावाखालीही नागमोडी रेघ मारली. पण हळूहळू जमायला लागलं. तिसऱ्या बाकावरच्या मुलीला तर अख्खा वर्ग आता "कशावरून" याच नावाने हाक मारतो. एका मुलाची आई परवा तणतणत आली. "मी म्हटलं, तू कधीच अभ्यास करत नाहीस, तर म्हणतो, आई, 'कधीच' हे तुझं मत झालं, पुरावा दे! हेच शिकवता का हो तुम्ही?" मी म्हटलं, हो, हेच शिकवते. नंतर त्या स्वतःच हसल्या.

हसल्या नाहीत त्या फक्त आमच्या मोठ्या बाई. तुझीच लाडकी विद्यार्थिनी, आता मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. त्याचं असं झालं, सहल रद्द झाल्याची सूचना त्यांनी फलकावर लावली, "सर्वांच्या सोयीसाठी हा निर्णय घेण्यात आला आहे." मधल्या सुट्टीपर्यंत "सर्वांच्या सोयीसाठी" याखाली कुणीतरी सुबक नागमोडी रेघ मारून समासात "कशावरून?" लिहून ठेवलं होतं. मला बोलावणं आलं. मी कागद हातात घेऊन बघितला आणि तोंडातून निघून गेलं, "रेघ अगदी बरोबर जागी आहे हो!" तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

बाकी विशेष काही नाही. पुलाला पन्नास वर्षं होताहेत, शाळेत पाच डिसेंबरला कार्यक्रम आहे आणि तू प्रमुख पाहुणी, हे तुला कळलंच असेल. पुलाच्या पंचविसाव्या वर्षी तू लिहिलेली पुस्तिका शाळा पुन्हा छापते आहे. सातवीला मी ती आधीच वाचायला दिली आहे. आपल्याच नदीवरचा पूल, रोज त्यावरूनच शाळेत येतात, तेव्हा मुलं मन लावून वाचतील असं वाटलं.

हो, एक विचारायचं होतं. त्यातला उद्घाटनाचा फोटो तू कुठून मिळवलास? सहज विचारते.

गुडघ्याला जप. जिने चढू नकोस.

तुझी,
धाकटी

---

ता. २० नोव्हेंबर

प्रिय आक्का,

नमस्कार, आणि आधीच पाया पडून घेते, कारण पुढे भांडायचं आहे.

तुझं कार्ड मिळालं. "फोटो सोहळा समितीने दिला होता. मुलांना पुस्तिका वाचायला देऊ नकोस, कार्यक्रमात वाटतील तेवढी पुरे. गुडघा बरा आहे." तू आयुष्यभर मुलांना निबंध विस्ताराने लिहायला लावलेस आणि मला एवढंच! तेही मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "आक्कांचा फोन आला होता." तू माझ्याशी न बोलता माझ्या वरिष्ठांना फोन केलास. मला राग आला, आक्का. त्याहून जास्त वाईट वाटलं.

मोठ्या बाईंचं म्हणणं तुला पाठ असेल, पण सांगते. "पाहुण्यांना प्रश्न विचारायचे नाहीत. मुलांनी गाणं म्हणायचं, फुलं द्यायची आणि टाळ्या वाजवायच्या. आणि हे पेन्सिलीचं प्रकरण आता बंद. नाहीतर पुढच्या सत्रात सातवी मी दुसऱ्या सरांकडे देते. ते उत्तरं लिहून देतात, निकाल चांगला लागतो."

मी म्हटलं, "द्या. पण माझ्याकडे आहे तोवर मी अशीच शिकवणार."

त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, पण आमच्या बाईंना वाईट वाटलं तर?"

"वाटेल," मी म्हटलं. "माझी बहीण आहे, मी बघते."

आता वर्गात काय झालं ते ऐक, कारण तुझ्यापर्यंत ते अर्धवटच आलं असणार. नेहमीप्रमाणे आधी चित्रं बघायची होती. फोटोखाली ओळ आहे, "पुलाच्या उद्घाटनाला जमलेले आनंदी नागरिक." मुलांनी माणसं बघितली, टोप्या बघितल्या, फीत बघितली. "कशावरून"ने हात वर केला.

"बाई, सगळे फितीकडे बघताहेत. हा कोपऱ्यातला एकटाच पाठ करून नदीकडे का बघतोय?"

"त्याच्या शेजारी होडी आहे," मागून एक मुलगा म्हणाला. "पण उलटी ठेवलीय."

मग मजकूर वाचला. तुझं वाक्य आलं, "पूल झाल्याने सर्वांची सोय झाली." एव्हाना "सर्व" हा शब्द दिसला की या वर्गाच्या पेन्सिली आपोआप उठतात.

"पूल व्हायच्या आधी लोक पलीकडे कसे जायचे? पुस्तिकेत नाहीच."

"होडीनं जात असणार, दुसरं काय!"

"मग होडीवाल्याची पण सोय झाली का?"

वर्ग हसला. "कशावरून" हसली नाही. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, हा माणूस कोण आहे, तुम्हाला माहितीय का?"

मी म्हटलं, "मला काहीतरी वाटतं. पण वाटण्याखाली कुठली रेघ मारायची?"

"नागमोडी!" सगळे ओरडले.

"मग नक्की कळायला काय करायचं?"

"लेखकाला विचारायचं," ती म्हणाली. हे मीच त्यांना शिकवलं आहे. लेखक हयात असेल तर त्याला विचारा, अंदाजावर भागवू नका.

आक्का, ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ आहे? मागच्या पत्रात मी "सहज विचारते" असं लिहिलं ते सहज नव्हतं. ते बाबा आहेत. ती पाठ ओळखायला मी चुकणार नाही. शेवटपर्यंत ते तसेच डावा खांदा खाली सोडून बसायचे. मी तेव्हा चार वर्षांची होते. होडीतले बाबा मला फारसे आठवत नाहीत. तळहाताला दोराने पडलेले घट्टे आठवतात. पलीकडच्या काठावरून कुणी हाक मारली की ते घरातूनच "आलो रे!" म्हणून ओरडायचे, तो आवाज आठवतो. माझं भांडवल एवढंच.

तुझं तसं नाही. आई सांगायची, तू पहाटे त्यांच्याबरोबर जायचीस, वल्हं धरायचीस आणि शाळेची वेळ झाली की ओल्या पायांनी धावत सुटायचीस. पुलाच्या दिवशी तू बारा वर्षांची होतीस आणि तिथेच होतीस. होडी कुणी उलटी केली? बाबांनी स्वतः केली की त्यांना करायला लावली? पुढे त्याच पुलावर त्यांना राखणदार नेमलं, तेव्हा ते काय म्हणाले? आई गेली. बाबांच्या बरोबरीचं कुणी उरलं नाही. हे सांगू शकेल असं एकच माणूस आहे, आणि ते मला कार्डावर चार ओळी लिहितं.

तू त्यांना पुस्तिकेतून का गाळलंस? शाळेतल्या मुली तुला होडीवरून चिडवायच्या, हे आई एकदा बोलली होती. म्हणून गाळलंस? की समितीने म्हटलं, सोहळ्याच्या पुस्तिकेत रडगाणं नको? की बाबांनीच तुला सांगितलं, माझं काही लिहू नकोस? तिन्ही होऊ शकतं. मी यातल्या कशाखालीही सरळ रेघ मारणार नाही, कारण मला माहीत नाही. वर्गात मुलांना एक सांगायचं आणि घरी बहिणीवर अंदाजाने आरोप करायचा, हे मला जमणार नाही.

पण मूग गिळून बसणंही जमणार नाही. म्हणून पाच तारखेला काय होणार ते आधीच सांगते, म्हणजे मागून वार केला असं तुला वाटायला नको. तुझं भाषण संपलं की "कशावरून" उभी राहील आणि वर्गाने मिळून ठरवलेला प्रश्न विचारेल: "पूल सुरू झाला त्या दिवशी नावाडी काय करत होता?" तिला गप्प बसवायला कुणी उठलं तर मी मध्ये उभी राहीन. सातवी काढून घेतली तरी चालेल. वाईट वाटेल, फार वाटेल, कारण अशी मुलं मला वीस वर्षांत मिळाली नव्हती. पण त्यांना प्रश्न विचारायला शिकवून, पहिला खरा प्रश्न आपल्याच घरात आला म्हणून तोंडावर बोट ठेवायला सांगितलं, तर पुढे त्यांनी माझ्याकडून काही शिकावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

तू सगळं सांगावंस असा हट्ट नाही. "ते मला सांगायचं नाही" असं म्हणालीस तरी ते उत्तर झालं, मुलं तेवढंच लिहून घेतील. "समितीने नको म्हटलं" हेही उत्तर आहे. फक्त पुन्हा एकदा "सर्वांची सोय झाली" असं म्हणू नकोस. आणि तू आलीच नाहीस, तर मला जे थोडं माहीत आहे ते मी सांगेन, आणि बाकीचं माहीत नाही असंही सांगेन. पण मग ते कायमचं तसंच राहील, आक्का. आज तू नाही सांगितलंस तर बाबा त्या फोटोत पाठमोरेच राहणार. मला त्यांचा त्या दिवशीचा चेहरा हवा आहे. मला तो कधी नीट मिळालाच नाही, आणि तुझ्याकडे आहे.

मी तुझा अपमान करायला निघालेली नाही. मला लिहायला-वाचायला तूच शिकवलंस, बाबांच्या राखणदारीच्या खोलीत, त्यांच्या कंदिलाशेजारी बसून. तू एक दिवस आधीच ये. खालची खोली तुझ्यासाठी आवरली आहे, जिना चढावा लागणार नाही. भांडायचं असेल तर आदल्या दिवशी पोटभर भांडू. मोठ्या बाईंना फोन करायचा असेल तर कर, पण आधी मला कर.

कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा आज माझ्याकडे तपासायला आला. तुझ्या नावापुढे "ज्येष्ठ शिक्षिका, लेखिका" असं आहे, माझ्यापुढे "इतिहास शिक्षिका". दोन्ही खरंच आहे. पण त्या दिवशी आपण दोघी एकाच व्यासपीठावर असू आणि समोर निम्मं गाव असेल. तुझ्या नावापुढे आणखी काही घालायचं का, ते तू ठरव. मी माझ्यापुरतं ठरवलं आहे, छापायलाही तसंच देणार आहे, आणि पहिल्यांदा ते तुलाच लिहून पाठवते.

तुझी वाट बघणारी,
नावाड्याची धाकटी मुलगी