किती शांत झालेत हे

मंगळवार, ता. ९

प्रिय वन्सं,

नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना टाळा म्हटलं तरी तुम्ही थोड्याच ऐकणार! मी बरी आहे. दुकान चालू आहे, कारागीर काज-बटणं आणि उसवाउसवी सांभाळतो. कापायचं काम मात्र बंद. तुमच्या दादांनी कात्री धरली नाही बरेच दिवस.

फोनवर तुम्ही विचारलंत, "दादाला नक्की झालंय तरी काय?" मी "वय झालं" म्हणून उडवून लावलं. खरं सांगू? माझंच डोकं चालेनासं झालंय. चक्कर येते म्हणून गोळी सुरू झाली. चक्कर थांबली. मग हळूहळू हात थरथरायला लागले, पाय घासत चालायला लागले, चेहऱ्यावर ना हसू ना राग. आता ह्यातलं आजाराचं किती, गोळीचं किती, म्हातारपणाचं किती? काही म्हणजे काही उमगत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही गोळ्यांनी हुबेहूब कंपवातासारखं दिसतं. चक्करेची गोळी थांबवून बघू. फरक पडला तर गोळीमुळे, नाही पडला तर आजार." पुढच्या खेपेला मी सांगितलं, "काही फरक नाही हो." म्हणून त्यांनी कंपवाताचं औषध सुरू केलं. आणि आता ह्यांना कापायच्या टेबलावर सासूबाई बसलेल्या दिसतात, त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी. काल म्हणाले, "आई, ऊठ, कापड चुरगळतंय."

हे नव्या औषधाचं, की आणखी काही झालंय? बाई विचारतील, तेव्हा काय सांगू? वन्सं, चक्करेची गोळी मी बंद केलीच नव्हती. रोज सकाळी चहाबरोबर देत होते.

विसरले नव्हते हो. तुम्ही तुमचा भाऊ ओळखता. बाही सुताएवढी चुकली तर अख्खा शर्ट माझ्या अंगावर फेकणारा माणूस. दिवस कसा जाणार ते मी आजवर ह्यांच्या पावलांवरून ओळखत आले. आणि आता? भाजी अळणी झाली तरी मुकाट खातात. मी बोलते, हे ऐकतात. एकदा तर कितीतरी वेळ माझा हात धरून बसले. कधी वाटायचं, आजारी आहेत. कधी वाटायचं, उशिरा का होईना, शहाणपण आलं. बाईंनी विचारलं, "पहिल्यापासून असेच शांत का?" माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. मला हा माणूस हवा होता. लाज वाटते लिहायला, पण हवा होता.

परवा खडू घेऊन टेबलाशी उभे राहिले. रेघ मारली, वाकडी गेली. झटकली, पुन्हा मारली. मग माझ्याकडे बघून लहान मुलासारखं म्हणाले, "माझा हात कुठे गेला गं?" ओरडले असते तर बरं झालं असतं, असं जन्मात पहिल्यांदा वाटलं.

आत्ताच बाईंना फोन करून सगळं सांगितलं. चांगल्याच खडसावतील अशी तयारी ठेवली होती, पण रागावल्या नाहीत. चक्करेची गोळी आजपासून बंद, आणि दुसऱ्या औषधाचं काय करायचं ते बघायला दुपारी बोलावलंय. मी विचारलं, "कात्री धरता येईल?" म्हणाल्या, "गोळीमुळेच असेल तर बहुतेक येईल, पण वेळ लागेल." मग मी विचारलं, "आणि स्वभाव?" त्यांना वाटलं मी काळजीनं विचारतेय. म्हणाल्या, "घाबरू नका आजी, तोही पूर्वीसारखा होईल."

वन्सं, तुम्ही या. ह्यांना बरं वाटेपर्यंत भावाकडे म्हणून राहा. आणि हे अगदी पूर्वीसारखे झाले, की लगेच जाऊ नका. चार दिवस माझ्याकडे म्हणून राहा.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुमची वहिनी