पाणी नितळ आलं की

सोमवार, ३ फेब्रुवारी
पुन्हा ती दुर्बीण! आतड्याची सूज माझी जुनी, सून घरात यायच्या आधीची. जुलाब, रक्त — सगळं सोसून झालं. आता गोळ्यांनी पोट गप्प आहे. तर सून म्हणते, "आई, गप्प असलं म्हणून काय झालं? इतकी वर्षं सुजलेल्या आतड्यात कॅन्सर व्हायची भीती जास्त. अधूनमधून आत बघावंच लागतं." डॉक्टरबाईंचं बोलणं पोपटासारखं पाठ केलंय! मागल्या खेपेला टाळलं होतं. या वेळी सोडत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
उद्या तपासणी. आमच्या लॉन्ड्रीत हॉटेलच्या चादरींचा ढीग पडलाय आणि मी संडासात! जुलाबाचं औषध — एक बाटली संध्याकाळी, एक पहाटे. खारट, बुळबुळीत. शी! जन्मभर जुलाब थांबायला औषधं घेतली, आता व्हायला घ्या!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
पहाटे बघितलं तर पाणी स्वच्छ. पाणी नितळ आलं की धुणं झालं, एवढं मला कळतं. दुसरी बाटली मोरीत ओतली. सुनेला कशाला सांगा.

तोच दिवस, दुपार
परत पाठवलं! डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, वरच्या भागात मळ आहे. काही दिसलं नाही. औषध सगळं घेतलंत ना?" मी छताकडे बघितलं. सून माझ्याकडे. "आई...?"
घरात पाऊल टाकल्यावर म्हणाली, "मी अर्धाच साबण टाकला असता तर माझं काय केलं असतंत?"
तोंडाळ! माझ्याच हाताखाली तयार झाली.
मला म्हणे साफ नाही. मला!

रविवार, १६ फेब्रुवारी
दुसऱ्यांदा तेच. सून समोर स्टूल टाकून बसलीय. पेला रिकामा झाला की भरते. म्हटलं, उलटी होईल. "झाली की बघू. प्या." जेलर बरा!

सोमवार, १७ फेब्रुवारी
झालं एकदाचं. गेल्या वेळी मळाखाली झाकलेलं होतं तिथेच एक चपटा डाग दिसला म्हणे. तिथले तुकडे काढले, इकडचे तिकडचेही. "डाग कसला?" — "तपासून कळेल, आजी." चहाचा की रक्ताचा, मी बघताक्षणी सांगते. यांना आठवडा हवा!

गुरुवार, २० फेब्रुवारी
रिपोर्ट नाही. चांगला शर्ट जाळला. गिऱ्हाईक ओरडलं. ओरडू दे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी
कॅन्सर नाही. पण पेशी बिघडल्यात, आणि एका जागी नाही, बऱ्याच ठिकाणी. वाट बघत बसलं तर कॅन्सर होणार. मोठं आतडं सगळंच काढा म्हणतात. मळासाठी पोटावर पिशवी लागेल.
सून बाहेरच्या बाकावर तोंड झाकून रडायला लागली.
म्हटलं, "रडतेस काय? आत जा. तारीख विचार."