बाटल्यांवरचं अक्षर

लाडक्या ताई,

वर्तमानपत्रात तुझा फोटो पाहिला. न्यायालयात उभी आहेस, हातात आपल्या विहिरीच्या काळ्या पाण्याची बाटली. सैन्याने तेलाच्या टाक्या फोडल्यापासून दर सोमवारी त्या बाटल्या मी भरल्या आणि कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात तारखा घातल्या. तेव्हा तू हसायचीस, “हे काय जमवतेस, वेडाबाई?” आता जग तुला साक्षीदार म्हणतं. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू?

काल न्यायालयाचा कागद आला. तारखा लिहिणाऱ्या व्यक्तीने सही दिली नाही, तर पुरावा बाद होईल. दिवसभर मी पेन उचललं नाही. संध्याकाळी विहिरीत डोकावले. वास अजून तोच आहे. घरात येऊन सही केली.

कागद आज पाठवते. हे पत्र मात्र माझ्यापाशीच राहील. यावरही तारीख घातली आहे.

तुझी,
वेडाबाई